वाचणाऱ्याचें ऋण
(धर्मग्रामाच्या शतकमहोत्सवी वर्षांत, शाळेच्या वाचनसप्ताहाच्या समारोपप्रसंगीं, ८ सप्टेंबर रोजीं केलेलें भाषण)



धर्मग्रामाच्या शतकमहोत्सवानिमित्त या वर्षीं आपण मिस्सा साजऱ्या केल्या, मिरवणुकी काढल्या, जेवणाच्या पंगती उठविल्या. आणि आतां आपल्या शाळेनें वाचनाचा उत्सव मांडला आहे. उत्सव हा शब्द पुस्तकाशीं जोडलेला ऐकून कित्येकांस नवल वाटलें असेल. सणाला बँड लागतो, पताका लागतात. पुस्तकाला लागते ती निवांत जागा आणि पुरेसा उजेड. मग त्याचा उत्सव करावयाचा तो कसा? परंतु हा सप्ताह ज्यांनीं शाळेच्या आवारांत येऊन पाहिला त्यांना उत्तर मिळालें आहे. रोज शेवटच्या तासाची घंटा झाली कीं ज्यानें त्यानें हातांतलें काम खालीं ठेवावयाचें आणि वीस मिनिटें वाचावयाचें, असा नियम होता. आणि तो मुलांपुरताच नव्हता. मुख्याध्यापिकाबाईंनीं तपासावयाच्या वह्या बाजूला सारल्या, कारकुनांनीं पावतीपुस्तक मिटलें, शिपाईदादांनीं झाडू भिंतीला टेकविला, आणि मुलांना न्यावयास फाटकाशीं आलेले रिक्षावालेहि वर्तमानपत्राची घडी उलगडून उभे राहिले. शाळेचा एवढा मोठा कुटुंबकबिला एकाच वेळीं मान खालीं घालून बसलेला मीं तरी प्रथमच पाहिला. आणि तीहि मान मोबाइलसाठीं खालीं नव्हती.

समारोपासाठीं आजची तारीख निवडली हें फार उचित झालें. पवित्र मरीयेचा हा जन्मदिन, आणि हाच दिवस जगभर साक्षरतादिन म्हणून पाळला जातो. निरक्षरता-निवारणाचा विचार करण्यासाठीं देशोदेशींच्या शिक्षणमंत्र्यांची परिषद १९६५ सालीं तेहरान येथें सुरू झाली ती ८ सप्टेंबरला. त्याची आठवण म्हणून युनेस्कोनें १९६६ सालीं हा दिवस ठरविला आणि १९६७ पासून तो पाळला जाऊं लागला. मरीयामातेच्या जन्मोत्सवाशीं नातें जोडावें असा त्या मंत्र्यांचा कांहीं हेतु नव्हता, तो योगायोगच. पण ख्रिस्ती चित्रकारांनीं हा योग कित्येक शतकें आधींच जुळवून ठेवला होता. चौदाव्या शतकापासून युरोपांतील चर्चमधून एक चित्र पुनःपुन्हा दिसूं लागतें. संत आन्ना पुस्तक उघडून बसली आहे, आणि तिला बिलगलेली बाल मरीया त्या पुस्तकांतलीं अक्षरें ओळखीत आहे. पोर्तुगीज लोक या रूपांतील संत आन्नेला शिक्षिका अशाच अर्थाच्या नांवानें संबोधीत आले आहेत. शुभवर्तमानांत हा प्रसंग कोठेंहि नाहीं. आन्ना हें नांवसुद्धां तेथें येत नाहीं, तें जुन्या परंपरेंतून आलें आहे. नाझरेथच्या त्या काळच्या एका साध्या घरांतल्या कन्येला वाचतां येत होतें कीं नाहीं, हें कोणी छातीठोकपणें सांगूं शकणार नाहीं. तथापि चित्रकारांनीं काय रंगविलें तें पाहा. फळा, छडी, परीक्षा, यांपैकीं त्या चित्रांत कांहींच नाहीं. आई आहे, मूल आहे आणि दोघींच्या मध्यें एक पुस्तक आहे.

मला आज जें सांगावयाचें आहे तें या चित्रांतच आहे. ज्याला आज वाचतां येतें त्याला एके काळीं कोणीतरी वाचून दाखविलें होतें, त्याचें बोट धरून अक्षरावर ठेवलें होतें. तेव्हां वाचतां येणारा प्रत्येक मनुष्य ऋणी आहे. आणि हें ऋण ज्यानें दिलें त्याला परत करतां येत नाहीं, तें पुढच्यालाच द्यावें लागतें. एकट्यानें मनांतल्या मनांत वाचणें ही फार चांगली गोष्ट आहे, पण ती आज वाटते तितकी सर्वसाधारण पूर्वीं नव्हती. चौथ्या शतकांत मिलानचे बिशप संत अँब्रोज हे ओठ न हलवितां नुसत्या डोळ्यांनीं वाचीत असत. तें पाहून संत ऑगस्टिन यांना एवढें नवल वाटलें कीं त्यांनीं आपल्या आत्मनिवेदनांत त्याची नोंद करून ठेवली. वाचणें म्हणजे मोठ्यानें वाचणें, आणि मोठ्यानें वाचणें म्हणजे जवळ बसलेल्याला त्यांत वांटा देणें, असा सामान्य समज होता.

पवित्र शास्त्रांत तर हेंच दिसतें. बाबेलच्या बंदिवासानंतर यरुशलेमेंत जलवेशीसमोरच्या चौकांत लोक जमले, तेव्हां एज्रा शास्त्र्यानें पहाटेपासून दोन प्रहरपर्यंत नियमशास्त्र वाचून दाखविलें. श्रोत्यांत पुरुष होते, स्त्रिया होत्या, समजण्याच्या वयाचीं मुलें होतीं. आणि लेवी लोक वाचलेल्याचा अर्थ उलगडून सांगत होते. ऐकतां ऐकतां लोकांच्या डोळ्यांत पाणी आलें, असें नहेम्याच्या पुस्तकांत आहे. प्रेषितांच्या कृत्यांतला तो इथिओपियाचा खजिनदारहि आठवा. राणीच्या दरबारचा हा मोठा अधिकारी रथांत बसून यशयाचें पुस्तक वाचीत चालला होता. विद्या होती, पुस्तक होतें, प्रवासाचा मोकळा वेळ होता. अर्थ मात्र लागत नव्हता. फिलिप धांवत रथापाशीं आला, समजतें का म्हणून त्यानें विचारलें, आणि त्या थोर माणसानें मनांत कांहीं कमीपणा न मानतां या वाटसरूला वर चढवून आपल्या शेजारीं बसवून घेतलें. खजिनदार साक्षर होता यांत शंका नाहीं. त्याचें वाचन मात्र फिलिप शेजारीं बसला तेव्हां पुरें झालें.

इथिओपियाचें नांव निघालें म्हणून एक गोष्ट जातां जातां सांगतों. आपल्या देशांतला पहिला छापखाना मुळांत त्याच देशाकडे निघाला होता. १५५६ सालीं येशूसंघाच्या धर्मगुरूंबरोबर तो पोर्तुगालहून गोव्यास आला. तेथून तो ॲबिसिनियाला, म्हणजे इथिओपियालाच, जावयाचा होता. पण पुढचा प्रवास घडला नाहीं, आणि तो गोव्यांतच संत पॉल महाविद्यालयांत बसविला गेला. आणि पुढें साठ वर्षांनीं आपल्या गोव्याच्या भूमीवर छापला गेला तो मराठी भाषेचा ग्रंथ, फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण.

फादर स्टीफन्स यांचें नांव आपल्या मुलांना ठाऊक आहे. त्यांनीं केलेली मराठीची स्तुति शाळेच्या पुस्तकांतून सर्वांच्या परिचयाची आहे, ती मी येथें म्हणून दाखवीत नाहीं. मला बोलावयाचें आहे तें त्या ग्रंथाच्या जन्माविषयीं आणि त्याच्या आयुष्याविषयीं. इंग्लंडांत १५४९ च्या सुमारास जन्मलेला हा मनुष्य १५७९ सालीं गोव्यास आला आणि १६१९ सालीं येथेंच मरण पावला. उण्यापुऱ्या चाळीस वर्षांचा बहुतेक काळ त्यांनीं साष्टी प्रांतांतल्या खेड्यापाड्यांत घालविला. पुराण कसें सुरू झालें हें त्यांनीं ग्रंथांतच सांगितलें आहे. धर्मशिक्षणाच्या वेळीं नव्यानें ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण उठून म्हणाला कीं आमचीं जुनीं पुराणें आतां वाचावयाचीं नाहींत, तर त्यांच्या जागीं आम्हांला वाचावयास दुसरें कांहीं नको काय? ग्रंथाची मागणी करणारा हा श्रोता होता, हें मला फार महत्त्वाचें वाटतें. ज्यांना घरीं, देवळांत, ओसरीवर ओव्या ऐकत मोठें होण्याची संवय होती त्यांचे कान उपाशी राहिले होते. ती भूक त्या ब्राह्मणानें बोलून दाखविली, आणि गुरूनें ती ऐकली. उत्तर म्हणून सुमारें अकरा हजार ओव्या लिहिल्या गेल्या. ज्ञानदेवांनीं आणि एकनाथांनीं जो छंद घरोघरीं नेला होता त्याच छंदांत. भाषा मराठी, पण सामान्य लोकांना कळावी म्हणून तिच्यांत कोंकणी शब्द मुद्दाम मिसळलेले. पंडितांनीं नाक मुरडलें असेल तर मुरडो. श्रोत्याला कळणें हें अधिक.

१६१६ सालीं राचोल येथें तो ग्रंथ छापला गेला, पण रोमन लिपींत. देशी लिपींत पुस्तकें छापावींत अशी तळमळ फादर स्टीफन्स यांनीं १६०८ सालीं रोमला पाठविलेल्या पत्रांत व्यक्त केली होती. अडचण खिळ्यांची होती. रोमन लिपीचें काम थोड्याशा अक्षरांवर भागतें. आपल्या लिपीला काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरें धरून शेंकडों खिळे ओतावे लागतात. तें जमलें नाहीं. रोमन लिपींतच १६४९ व १६५४ सालीं पुढचे दोन छाप निघाले. त्यानंतर काळ पालटला. १६८४ सालीं गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयनें फर्मान काढलें कीं येथील लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. ज्या राज्यांत आईची भाषा बोलणें हाच अपराध ठरूं पाहत होता, तेथें तिच्यांतल्या पुस्तकाला कोण विचारणार?

आज त्या तीन छापांपैकीं एकाचीहि प्रत उरल्याचें ज्ञात नाहीं. मग ग्रंथ आपल्यापर्यंत आला कसा? वाचणाऱ्यांनीं तो हातानें उतरून काढला होता म्हणून. गोवा सोडून दक्षिणेस कानडा प्रांतांत स्थायिक झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांतून त्याच्या हस्तलिखित प्रती जपल्या गेल्या, आणि त्यांच्या आधारें जोसेफ सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें तो पुन्हा छापून काढला. देवनागरी लिपींतलें एक हस्तलिखित दूर लंडनमध्यें सांपडलें. आणि ज्या लिपीसाठीं स्टीफन्स तळमळले त्या लिपींत हा ग्रंथ मराठी वाचकांच्या हातीं पडावयास १९५६ साल उजाडलें. शांताराम बंडेलू यांनीं तो पुण्यांत प्रसिद्ध केला. मुलांनो, तुमच्या वर्गांत एक धडा उतरून काढावयास सांगितला तर तुमची बोटें दुखतात. अकरा हजार ओव्या उतरून काढणारा तो अनामिक मनुष्य कोण असेल, कोणत्या दिव्याच्या उजेडांत बसत असेल, याचा एकदां विचार करा. स्वतःपुरतें वाचावयाचें असतें तर त्यानें एवढा खटाटोप कशाला केला असता? घरांत ऐकणारीं माणसें होतीं म्हणून त्यानें ती प्रत केली. छापखान्यानें काढलेल्या प्रती नाहींशा झाल्या, आणि ऐकणाऱ्यांसाठीं केलेल्या राहिल्या.

आतां गोव्याहून आपल्या वसईकडे, आपल्याच धर्मग्रामांत येऊं. विवाहांची नोंद ठेवण्याची शिस्त ख्रिस्तसभेला १५६३ सालीं ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें लावून दिली; तिच्यामुळें आपल्याकडेहि जुन्या नोंदवह्या आहेत. महोत्सवाच्या प्रदर्शनांत त्यांतलीं कांहीं पानें कांचेखालीं ठेवलेलीं आहेत, तीं आवर्जून पाहावींत. वर, वधू आणि साक्षीदार यांच्या सह्यांचे रकाने पाहा. आरंभींच्या पानांवर शाईंत बुडविलेले अंगठे आहेत, किंवा थरथरत्या हातानें ओढलेला क्रूस आहे आणि त्याच्या बाजूला धर्मगुरूंनीं स्वतःच्या अक्षरांत नांव लिहिलेलें आहे. पानें उलटीत जावें तसतशी प्रथम साक्षीदाराची सही दिसूं लागते, मग वराची. वधूची सही दिसावयास पुष्कळच पानें उलटावीं लागतात. हें आपल्याच गांवचें वैगुण्य होतें असें नाहीं. १९५१ च्या शिरगणतीप्रमाणें भारतांत शंभरांत अठरा माणसें साक्षर होतीं, आणि स्त्रियांत शंभरांत नऊदेखील नव्हत्या. २०११ च्या शिरगणतींत हाच आंकडा देशांत सुमारें ७३ आणि महाराष्ट्रांत सुमारें ८२ झाला. या साठ वर्षांत ज्यांनीं फळ्यापुढें उभें राहून आयुष्य वेंचलें त्या शिक्षक-शिक्षिकांना आणि धर्मभगिनींना या महोत्सवांत आपण जितके हार घालूं तितके थोडेच आहेत.

परंतु शिरगणतीनें साक्षर कोणाला म्हणावें? सात वर्षांवरील जो मनुष्य कोणत्याहि एका भाषेंत समजून लिहूं-वाचूं शकतो त्याला. समजून हा शब्द सरकारी व्याख्येंत आहे, आणि तो फिलिपच्याच प्रश्नाचा धाकटा भाऊ आहे. महाराष्ट्राच्या त्या ८२ च्या बाहेर राहिलेले जे अठरा, ते कोठें दूर डोंगरांत राहतात अशी आपली समजूत असते. या सप्ताहांत ते आपल्याच शाळेच्या स्वयंपाकघरांत भेटले.

मुलांची खिचडी शिजविणाऱ्या बायांपैकीं एकीला वाचतां येत नाहीं. पहिल्या दिवशीं घंटा झाली तेव्हां ती भांडीं घांसावयास मागच्या नळावर निघून गेली. दुसऱ्या दिवशीं पांचवीच्या वर्गांतली एक मुलगी आपलें पुस्तक घेऊन तिच्याजवळ पायरीवर जाऊन बसली आणि वाचूं लागली. तिला कोणीं सांगितलें नव्हतें. बाईनें प्रथम हंसून टाळलें, मग भांडें हातांतच राहिलें, मग तिनें एक वाक्य पुन्हा वाचावयास सांगितलें. चौथ्या दिवशीं तिनें लुगड्याच्या कनवटीला खोंचलेला एक कागद काढून त्या मुलीपुढें धरला. वीजबिलाची थकबाकीची सूचना होती. कित्येक दिवस ती तो कागद बाळगून होती. कोणाला दाखवावयाची तिला लाज वाटत होती. मुलीनें सूचना वाचून दाखविली, भरावयाची तारीख सांगितली, आणि अर्धा राहिलेला धडा पुढें सुरू केला. सप्ताहाचीं बक्षिसें आज वांटावयाचीं आहेत; हस्ताक्षराचें आहे, वक्तृत्वाचें आहे, सर्वांत अधिक पुस्तकें वाचणाऱ्याचें आहे. या शेवटच्या बक्षिसावर माझी फारशी श्रद्धा नाहीं, कारण मुलें हुशार असतात आणि पातळ पुस्तकें निवडतात. त्या मुलीसाठीं मात्र कोणत्याहि यादींत रकाना नव्हता. सप्ताहांतलें उत्तम वाचन कोणतें असें मला विचाराल तर मी तिच्याकडे बोट दाखवीन.

आपल्या मराठी ख्रिस्ती समाजानें हें ऋण जाणून कित्येक कामें केलीं आहेत. १९०३ सालीं फादर हेन्री डोरिंग यांनीं तेव्हांच्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत 'निरोप्या' हें मासिक सुरू केलें. नांवच पाहा; निरोप पोंचविणारा. जेथें धर्मगुरु वरचेवर पोंचूं शकत नसत तेथें हा निरोप्या पोंचावा. त्यासारख्या मासिकाचा एक अंक घरांत आला कीं तो एकट्याचा राहत नसे. आपल्या वसईच्या 'सुवार्ते'नें पुढें तेंच व्रत घेतलें. नंदाखाल येथें जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८३ ते २००७ पर्यंत तिचे संपादक होते. २०२० सालीं उस्मानाबाद, आतांच्या धाराशिव, येथें भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांना मिळालें, तेव्हां आपल्या गांवोगांवच्या ओसऱ्यांवर केवढा आनंद झाला होता! २५ जुलै २०२४ रोजीं ते देवाघरीं गेले. त्यांचीं पुस्तकें आपल्या वाचनालयाच्या कपाटांत आहेत. कपाटाला कुलूप आहे. त्या कुलपाकडे मी थोड्या वेळानें येतों.

त्याआधीं एक सावधगिरीची गोष्ट. १९५९ सालीं सातारा जिल्ह्यांत ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढें ती महाराष्ट्रभर पसरली. प्राथमिक शिक्षकांनीं आणि शिकलेल्या गांवकऱ्यांनीं वेतन न घेतां रात्रीं कंदिलाच्या उजेडांत वर्ग चालविले, तीन-चार महिन्यांत प्रौढ स्त्रीपुरुषांना अक्षरओळख करून दिली, आणि गांव साक्षर झालें कीं गांवानें मिळून समारंभ केला. जगानें त्या मोहिमेचें कौतुक केलें, आणि तें योग्यच होतें. पण समारंभाचीं तोरणें वाळल्यावर वाचावयास घरांत कांहीं नव्हतें, वाचून घेणारा कोणी नव्हता. आणि अशा पुष्कळ प्रौढांचीं अक्षरें हळूहळू पुन्हा पुसलीं गेलीं. अक्षर हें विहिरीच्या पाण्यासारखें आहे. उपसा थांबला कीं झरे बुजतात. म्हणून आजच्या समारोपाची मला थोडी धास्ती वाटते.

आणि धास्तीचें खरें कारण आपल्या प्रत्येकाच्या घरांत आहे. इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत मुलें घालणाऱ्या पालकांना दोष देण्यासाठीं मी उभा नाहीं. पोटाचा प्रश्न आहे, मुंबईची नोकरी आहे, परदेशची वाट आहे. आई-बाप आपल्या मुलाचें हितच पाहतात. आपल्या शाळेचे मराठी वर्ग रोडावत चालले आहेत यांत एकट्या शाळेचाहि दोष नाहीं. पण त्याचा परिणाम काय झाला आहे तो उघड्या डोळ्यांनीं पाहावा. आजी मराठी वाचते, पण तिचे डोळे गेले आहेत. नातवाचे डोळे शाबूत आहेत, पण मराठीचें एक पान वाचावयास त्याला अर्धा तास लागतो. तो घरांत सामवेदी बोलतो, वाडवळी बोलतो, कोळी बोलतो. आजीशीं हंसतो-भांडतो तें त्याच भाषेंत. आजीच्या उशाशीं असलेलें प्रार्थनेचें पुस्तक मात्र त्याला परकें आहे. आजी आणि नातू यांच्यामध्यें पुस्तक आहे, पण संत आन्नेच्या चित्रांतल्यासारखें उघडें नाहीं. २०२० च्या कायद्यानें महाराष्ट्रांतल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा केला आहे. कायदा गुण मिळवून देईल. आजीच्या खाटेशीं नातवाला नेऊन बसविणें हें कायद्याचें काम नव्हे.

येथें शिक्षकांनाहि एक विनंति आहे. आपलीं मुलें घरची बोली घेऊन वर्गांत येतात. पुस्तकी मराठी ही त्यांना निम्मी ओळखीची आणि निम्मी अनोळखी असते. वाचतांना घरचा उच्चार आला, घरचा शब्द आला, कीं वर्ग हंसतो आणि कधीं कधीं गुरुजीहि हंसतात. एकदां असें हंसें झालेलें मूल पुन्हा मोठ्यानें वाचीत नाहीं. विलायतेंतून आलेल्या एका धर्मगुरूनें साष्टीच्या लोकांचे शब्द आपल्या ओव्यांत आदरानें घेतले. आपल्या आवारांत तरी तेवढा आदर राहावा.

चर्चमधील वाचनाविषयीं थोडें स्पष्ट बोलतों, धर्मगुरूंनीं क्षमा करावी. आपल्या आज्यापणज्यांनीं मिस्सा ऐकली ती लॅटिन भाषेंत. ४ डिसेंबर १९६३ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेविषयींचें संविधान प्रसिद्ध केलें, लोकभाषेला दार उघडलें, आणि पवित्र शास्त्राचें वाचन आपल्या कानांवर मराठींत पडूं लागलें. वाचनपीठावर आपल्यांतलींच माणसें, आपलींच मुलें उभीं राहूं लागलीं. ज्या म्हातारीला वाचतां येत नाहीं तिच्यासाठीं आठवड्याचें पवित्र शास्त्र म्हणजे तेवढीं चार मिनिटें. तीं चार मिनिटें वाचणारा अडखळला, घाईनें गिळून गेला, नांवांची मोडतोड करून बसला, तर त्या आठवड्यापुरता तिचा घांस तोंडापर्यंत येऊन परत गेला. आणि आपण वाचकाची निवड कशी करतों? रविवारीं सकाळीं दाराशीं जो सांपडेल त्याच्या हातीं पुस्तक देतों! इतकी बेफिकिरी आपण बँडवाल्याच्या निवडींतहि करीत नाहीं.

तेव्हां कांहीं गोष्टी ठरवूं या. वाचनालयाच्या कपाटाची किल्ली यापुढें रोज संध्याकाळीं चार ते सहा या वेळांत शाळेच्या ओट्यावर असावी, आणि ती नववी-दहावीच्या मुलांच्या ताब्यांत असावी. पुस्तकें हरवतील, फाटतील, हरवूं द्यावींत. १५२१ सालीं पाय मोडून अंथरुणाला खिळलेल्या इग्नेशियस लोयोला यांनीं शौर्याच्या अद्भुत कथा मागितल्या; घरांत तसलें पुस्तक नव्हतें, होतें तें प्रभूचें चरित्र आणि संतांच्या कथा, म्हणून तींच त्यांच्या हातीं दिलीं गेलीं. त्या घरांतलें कपाट कुलुपांत असतें तर येशूसंघ निघालाच असता कीं नाहीं कोण जाणे. रविवारच्या वाचकांनीं शनिवारीं संध्याकाळीं धर्मभगिनींपुढें एकदां वाचून दाखवावें. नव्या मुलांना याच रीतीनें तयार करावें. पोप फ्रान्सिस यांनीं २०१९ सालीं सामान्य काळांतला तिसरा रविवार देवशब्दाचा रविवार म्हणून नेमून दिला. तो जानेवारीच्या सुमारास येतो. तोंवर निदान बारा मुलें वाचनपीठावर निर्भयपणें उभीं राहण्यास तयार व्हावींत.

आणि घरोघरीं संध्याकाळच्या जपमाळेनंतर एकच पान. मुलानें वाचावें आणि घरांतल्या वडील माणसांनीं ऐकावें. पान पवित्र शास्त्राचें असो, संतचरित्राचें असो, नाहींतर शाळेच्या पुस्तकांतल्या गोष्टीचें असो. इंग्रजी शाळेंतल्या मुलाला प्रथम जड जाईल, अर्धेंच पान होईल. आजीनें चूक सुधारावी, पण हंसूं नये. ज्या घरांत ऐकणारें कोणी नाहीं त्या मुलानें शेजारीं जावें. आपल्या आळींत डोळ्यांनीं अधू झालेलीं किंवा कधींच शाळेंत न गेलेलीं माणसें कोण कोण आहेत, हें आपणां सर्वांना पत्ता न विचारतां ठाऊक आहे. अशा मुलांचीं नांवें शाळेच्या कार्यालयांत नोंदविण्याची व्यवस्था केली आहे. मघां सांगितलेल्या त्या पांचवीच्या मुलीनें पहिलें नांव स्वतःचें आणि दुसरें आपल्या धाकट्या भावाचें लिहिलें आहे. भाऊ दुसरींत आहे, आणि त्याला अजून जोडाक्षरें येत नाहींत. तरी त्याचें नांव खोडावयाचें नाहीं असें मुख्याध्यापिकाबाईंनीं ठरविलें आहे.

आतां पांचवीच्या मुली वाचून दाखविणार आहेत. त्यांचा आवाज लहान आहे आणि ध्वनिक्षेपक बंद ठेवला आहे, कारण त्यांना तसेंच वाचावयाचें आहे. पुढच्या दोन ओळींत बसलेल्या तरुण मंडळींनीं कृपा करून मागें यावें आणि आजी-आजोबांना व स्वयंपाकघरांतल्या बायांना पुढें बसूं द्यावें, एवढी विनंति करून मी माझी जागाहि मोकळी करतों.